टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: कच्च्या वाटेवर दगा न देणारी गाडी, टप्प्याटप्प्याने

पावसाळा संपला की ओळखीतल्या कुणाची ना कुणाची गाडी डोंगरात बंद पडते आणि मला फोन येतो, "टू-स्ट्रोक घेतली तिथेच चुकलो का?" फोर-स्ट्रोकवाला अडकला तर तोच प्रश्न उलटा. खोलून बघितलं तर दोष स्ट्रोकचा क्वचितच निघतो. निघतं ते फिल्टरचं उसवलेलं जोडकाम, अंदाजाने ओतलेलं ऑईल, नाहीतर दोन वर्षं कुणी न बघितलेलं टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट).

दोन्ही इंजिनांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पेट्रोलबरोबर जेवढं ऑईल आत जातं तेवढंच वंगण, आणि ते थोडा वेळ जरी कमी पडलं तरी पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये (ब्लॉकमध्ये) अडकतो. पण ब्लॉक-पिस्टनचं काम ओसरीवर बसून होतं. फोर-स्ट्रोक मालकाच्या चुका बराच काळ पोटात घालते, काही बोलत नाही आणि मग एकदम हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन असं एकत्र बिल देते. त्यामुळे 'भरवशाची कुठली' याचं उत्तर तुम्ही कुठलं काम वेळेवर करणार यावर आहे.

खालचा क्रम दोन्हींसाठी आहे: आरएक्स १००, येझदी, एक्सपल्स, हिमालयन अशा पासिंगच्या गाड्या कच्च्यात नेणाऱ्यांसाठी, आणि केएक्स २५० किंवा ३५० ईएक्ससी-एफसारख्या फक्त ट्रॅकसाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठीही. (त्या दुसऱ्या गटाला इथे रस्त्याचं पासिंग नाही. टेम्पोतूनच न्यायच्या.) तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवा. माप सांगण्याचा अधिकार त्याचा, माझा नाही.

टप्पा १: किलोमीटर विसरा, तास लिहा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. समजा सर्व्हिस ३,००० किलोमीटरला सांगितली आहे. हायवेला ताशी ५० धरले तर ते ६० तासांचं काम. दगडगोट्यांच्या वाटेवर सरासरी ताशी १५ पडते, म्हणजे तेच ३,००० किलोमीटर २०० तासांचे झाले. तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, अर्धा क्लच दाबून. मीटर तुम्हाला 'अजून वेळ आहे' सांगत राहतो आणि आत इंजिन तिप्पट झिजलेलं असतं. स्पर्धेच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये वेळापत्रक तासांत असतं ते याचसाठी.

प्लगच्या वायरला तार गुंडाळून चालणारा छोटा अवरमीटर मिळतो, तो लावा. सोबत एक वही: तारीख, तास, काय केलं, काय मोजलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचे सगळे टप्पे आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघण्यावर चालतात.

टप्पा २: घेण्याआधीची तपासणी, थंड इंजिनावर

आधी एक साधी चौकशी करा. तुमच्या गावात किंवा तालुक्याला या गाडीचं काम करणारा माणूस आहे का, आणि पिस्टन, रिंग, सील, गॅस्केट आठवड्यात हातात येतात का? नसेल तर कितीही चांगली गाडी भरवशाची नाही. स्वतः पाना हातात धरणाऱ्याने टू-स्ट्रोक घ्यावी. सगळं गॅरेजवर सोडणाऱ्याने साध्या स्क्रूच्या टॅपेटची, रस्त्यावरची फोर-स्ट्रोक घ्यावी. स्पर्धेची फोर-स्ट्रोक स्वस्तात मिळतेय म्हणून घेणं हा मला सगळ्यात महाग पडणारा सौदा वाटतो.

मग गाडी बघायला जा. पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर मालकाने तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवली आहे. गप्पा मारा, चहा घ्या, थंड होऊ द्या.

टू-स्ट्रोक: प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, प्लगची वायर बॉडीला टेकवा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा पुढे सरकायचा थांबेपर्यंत किका मारा. आकडा मॅन्युअलशी ताडा आणि वहीत लिहा. ॲक्सिलरेटर बंद ठेवून मारलेल्या किकांचा आकडा खोटा येतो.

फोर-स्ट्रोक: हेच गेज इथे फसवतं. बऱ्याच गाड्यांना किक हलकी पडावी म्हणून ऑटो-डिकॉम्प्रेसर असतो. तो कमी फेऱ्यांत एक व्हॉल्व्ह जरा उघडा ठेवतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. इथे लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते मोजणं) करणारा मेकॅनिक शोधा. ते जमत नसेल तर थंड गाडी चालू करा, वीस मिनिटं दामटा, बंद करा आणि लगेच परत चालू करा. थंड असताना चालू होणारी आणि तापल्यावर हट्ट करणारी फोर-स्ट्रोक म्हणजे बहुतेक वेळा व्हॉल्व्हचं काम.

धुराकडेही बघा. उतारावरून येऊन परत ॲक्सिलरेटर दिल्यावर फोर-स्ट्रोकने निळा धूर टाकला तर व्हॉल्व्ह सील गेले. जोर लावताना सतत धूर असेल तर रिंगा. टू-स्ट्रोक धूर टाकणारच, पण दाट पांढरा धूर असेल आणि गिअर ऑईलची पातळीही उतरत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील गिअर ऑईल आत ओढतंय.

टप्पा ३: हवेची वाट (दोन्हींसाठी, सगळ्यात आधी)

इंजिनाला हात लावायच्या आधी फिल्टर. धूळ आत जात असेल तर नवा पिस्टनही तसाच घासला जाणार.

फिल्टर काढल्यावर बोटाला पांढरं सुती फडकं गुंडाळा आणि कार्बकडे (कार्ब्युरेटरकडे) जाणाऱ्या रबराच्या आतून फिरवा. फडक्यावर करडी रेघ आली तर धूळ फिल्टरच्या पलीकडे पोचली आहे. ती कुठून आली ते सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बहुतेक वेळा फोमची कड पिंजऱ्यावर नीट बसलेली नसते किंवा चिकटवलेला जोड उसवलेला असतो.

फोम पेट्रोलमध्ये धुऊ नका. जोडाचा गोंद सुटतो, आणि नेमका आतल्या बाजूने सुटतो म्हणून दिसत नाही. फिल्टर क्लीनर वापरा, नाहीतर रॉकेलमध्ये दाबून काढा. मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. पिळू नका, दोन तळहातांत दाबा. वाळल्यावर फिल्टर ऑईल सगळीकडे सारखं मुरवा आणि कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. तेल न लावलेला फोम बारीक धूळ अडवत नाही, लाल माती तर नाहीच.

तपासा: बसवल्यावर फिल्टरच्या कडेभोवती बोट फिरवा. कुठेही बोट आत जाता कामा नये.

टप्पा ४: टू-स्ट्रोकचं पेट्रोल आणि ऑईल

'झाकणभर ऑईल' हे माप नाही. प्रमाणावरून मिली काढायचे असतील तर १,००० ला प्रमाणाने भागा. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली, ५०:१ म्हणजे २०, ३२:१ म्हणजे ३१. पाच लिटरला ४०:१ ने १२५ मिली. ४ टक्के आणि ४०:१ यांत गोंधळ करू नका. ४ टक्के म्हणजे २५:१, लिटरला ४० मिली. मेडिकलमधली मोठी सिरिंज पाठपिशवीत ठेवा. पंपावरचा कुठलाही कप तिच्याइतका खरा नाही.

'जास्त ऑईल म्हणजे जास्त सुरक्षित' हा समज पक्का रुजलेला आहे. जेटच्या (कार्बमधल्या मापाच्या भोकाच्या तुकड्याच्या) भोकातून मिश्रण तेवढंच जातं. त्यात ऑईल वाढलं की पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शिवाय प्लग काळा, सायलेन्सर कार्बनने बंद. जे प्रमाण धराल त्यावर जेटिंग करा (जुळणारा जेट बसवा) आणि ते प्रमाण मग बदलू नका.

ऑईल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या. बोटीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईल एअरकूल्ड गाडीत नको. ते पाण्याने थंड राहणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनासाठी असतं.

ऑईल पंप असलेल्या गाडीला (आरएक्सचा ऑटोल्युब) वेगळा धोका आहे. ऑईलची टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा बसते. नुसतं ऑईल भरून निघालात तर पंप हवाच ढकलत राहतो. पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत ऑईल वाहू द्या, आणि पहिल्या लिटर-दोन लिटर पेट्रोलमध्ये थोडं ऑईल मिसळून ठेवा. पंपाच्या केबलची खूणही जुळवा.

आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या जेटवर त्याने मिश्रण थोडं लीन होतं, जुनी रबरं फुगतात, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. मिसळलेलं पेट्रोल कोकणच्या पावसात महिनाभर कॅनमध्ये ठेवलं तर तळाशी पाण्याचा थर वेगळा बसू शकतो. लागेल तेवढंच मिसळा. गाडी उभी राहणार असेल तर कार्बची वाटी रिकामी करा.

टप्पा ५: टू-स्ट्रोकचं दुरुस्तीकाम: आधी गळती, मग जेट, शेवटी पिस्टन

लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात. मीही गेलो होतो. माझी शंभर सीसीची जुनी गाडी एका वर्षात तीनदा पकडली. दोन वेळा बोअर मारून (ब्लॉकचं भोक मोठं करून) नवा पिस्टन घातला, जेट मोठा केला. तिसऱ्यांदा मॅग्नेटचं (वीज तयार करणाऱ्या चाकाचं) कव्हर काढलं आणि क्रँकच्या सीलला नखाने सहज टोचलं, तर त्याच्या ओठाचा कडक झालेला तुकडाच हातात आला. चहा-वड्याच्या पैशांत येणारं सील. तिथून हवा आत शिरत होती, मिश्रण लीन होत होतं आणि मी पिस्टनवर पिस्टन घालत होतो.

गळतीची चाचणी घरी होते. जुन्या बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा आणि दाब दाखवणारी तबकडी घ्या.

१. सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टचं तोंड रबर व पट्टीने घट्ट बंद करा.
२. कार्ब काढा. त्याच्या जागी रबरात नेमका बसेल असा नायलॉनचा बूच लेथवर करून घ्या, त्याला बारीक नळी काढा. प्लग जागेवर असू द्या.
३. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडतील.
४. नळीतून हवा भरा, २६० मिलिमीटरपर्यंत. हे साधारण ५ पीएसआय होतात. याहून जास्त दाब देऊ नका, सील उलटतील.
५. घड्याळ लावून वेळ मोजा. दाब मिनिटाला ५० मिलिमीटरहून जास्त उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावून शोधा: इनटेकचं रबर, ब्लॉकचं गॅस्केट, मॅग्नेटकडचं सील. क्लचकडचं सील दिसत नाही, त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर फेस लावून बघा.

हवा प्लगच्या भोकातून भरू नका. आतल्या दाबाने रीड (इनटेकमधल्या, एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या) बंद होतात आणि सगळ्यात जास्त फाटणारं इनटेकचं रबर चाचणीतून सुटतं.

गळती नाही असं कळल्यावरच जेटिंग. सपाट, मोकळ्या पट्ट्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरने न्या, तसाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा. चॉकलेटी चालेल, पांढरा म्हणजे लीन, ओला काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीइतका बोलका नाही, तेव्हा शंका आली तर एक नंबर मोठा जेट ठेवा. लेहला (साधारण ३,५०० मीटर) विरळ हवेत गाडी रिच होऊन अडखळते म्हणून तिथे लहान जेट टाकणारे खाली उतरताना तो परत बदलायला विसरतात. मनालीपर्यंत पोचेतो पिस्टन पकडतो.

आता हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक-पिस्टनचं काम. आधी लायनर कसला आहे ते बघा. आरएक्ससारख्या गाडीला लोखंडी लायनर असतो, त्याला बोअर मारता येतं. स्पर्धेच्या टू-स्ट्रोकचा सिलिंडर आतून निकासिलच्या (निकेलच्या कठीण) थराचा असतो, तो साध्या बोअरिंगवर देऊ नका.

१. इंजिन बाहेरून धुतल्याशिवाय ब्लॉक उचलू नका. उचलल्याबरोबर क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप (पिस्टनची पिन धरणारी छोटी कडी) उडून आत पडली की हाफचं फुल इंजिन होतं, म्हणजे क्रँककेसही उघडावी लागते.
२. पिस्टन आधी विकत घ्या आणि तोच लेथवाल्याच्या हातात द्या. भोक पिस्टनच्या मापाला करायचं, साईज ऐकून नाही.
३. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांवर बोट फिरवा. धार लागली तर तिथेच परत द्या. पोर्टची धार न मारलेला ब्लॉक रिंग अडकवून तोडतो. हे काम न सांगता होईल असं धरू नका.
४. ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासा, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. नुसत्या पेट्रोलने होनिंगची (बोअर घासल्याची) पूड निघत नाही. पुसून लगेच ऑईलचा हात फिरवा.
५. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून गॅप फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड रिंगच्या खाचेतल्या बारीक पिनवर.
६. सर्क्लिप नवीनच. तोंड वर किंवा खाली, आडवं नाही.
७. हेडचे नट तिरप्या जोडीने, दोन फेऱ्यांत.

पहिल्या दिवशी गाडी चालू करून ब्लॉक हाताला चांगला तापेपर्यंत ठेवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. थंड असतानाच हेडचे नट परत तपासा. नंतरचे शंभर किलोमीटर ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत चालवा. एकाच वेगाने रटाळ चालवणं रनिंग-इन नव्हे.

टप्पा ६: फोर-स्ट्रोकचं ऑईल आणि टॅपेट

ऑईल जासो एमए किंवा एमए२. कारचं ऑईल स्वस्त दिसतं, पण त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ओला क्लच घसरतो. बदलताना ड्रेन बोल्टचं चुंबक बघा. करडा लगदा चालतो. टोचणारे कण किंवा ऑईलमध्ये चंदेरी चमक दिसली तर पुढची फेरी रद्द.

टॅपेटबद्दल एक गोष्ट डोक्यात बसवा: वाजणारं टॅपेट ऐकू येतं, घट्ट झालेलं ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, गॅप कमी होते, गाडी छान शांत वाटते आणि मालक खूश असतो. गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापतो, जळतो. 'आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक' म्हणणाऱ्या मेकॅनिककडून गाडी परत आणा.

१. इंजिन रात्रभर थंड. गरम इंजिनावर घेतलेलं माप लिहू नका.
२. मॅग्नेटवरची टी खूण जुळवा, पिस्टन वर. मग दोन्ही बाजूंचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने हलवून बघा, दोन्हींत बारीक खेळ हवा. नसेल तर तुम्ही एक्झॉस्ट स्ट्रोकवर आहात, क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा. इथे चुकून सेटिंग केलेल्या गाड्या मी मोजणं सोडलंय.
३. फीलर गेज ओढताना किंचित अडलं पाहिजे. माप इनटेकचं वेगळं, एक्झॉस्टचं वेगळं.
४. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.
५. आकडे वहीत.

शिमवाल्या (स्क्रूऐवजी बारीक चकतीने गॅप ठरणाऱ्या) स्पर्धेच्या गाड्यांत वही खरी उपयोगी पडते. नव्या व्हॉल्व्हची गॅप सुरुवातीला जराशी हलते आणि मग बराच काळ स्थिर राहते. स्थिर झालेली गॅप पुन्हा घटू लागली तर शिम बदलत बसू नका, त्या व्हॉल्व्हची वेळ झाली आहे. टायमिंग चेन आणि पिस्टनही या गाड्यांत तासांवर बदलायचे असतात, मोडल्यावर नाही.

टप्पा ७: वाटेवर

उतारावर: लांब घाट उतरताना टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकवर सोडू नका. ॲक्सिलरेटर बंद, फेऱ्या जास्त, म्हणजे पेट्रोल नाही आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑईलही नाही. दर थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक झटका द्या, ब्रेक वापरा. ताम्हिणी उतरून सपाटीला लागताच ॲक्सिलरेटर दिला आणि मागचं चाक लॉक झालं, असं सांगणाऱ्यांचं बिघडलेलं वर घाटातच असतं. अशा वेळी हात क्लचवर तयार हवा. फोर-स्ट्रोकला हा त्रास नाही.

आडवी पडली तर: चालू फोर-स्ट्रोक आडवी पडली की ऑईल पंपाला तेल मिळत नाही. आधी किल स्विच, मग तुमचा गुडघा.

ओढ्यात इंजिन बुडालं तर किक किंवा बटण मारू नका, ढकलून तर मुळीच चालू करू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल कॉक बंद करा, प्लग काढा, एअरबॉक्स रिकामा करा. टू-स्ट्रोक असेल तर दोघांनी मिळून उलटी करा, ॲक्सिलरेटर उघडा ठेवून पाणी निथळू द्या आणि प्लगशिवाय सावकाश किका मारा. फोर-स्ट्रोकला प्लगशिवाय फिरवून पाणी उडवा, मग ऑईल बघा. दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा, घरी आणून बदला, पाच मिनिटं चालू ठेवा आणि पुन्हा बदला. तिसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर तो ओढा नव्हे, गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील आहे.